नापास शब्दांचा डबा

आमच्या घरात चकलीचे डबे दोन आहेत, पण दिवाळीची चकली भरली जाते एकाच डब्यात. दुसऱ्यात शब्द आहेत. परवा भाजणी भाजता भाजता सूनबाई म्हणाली, "आई, तो मोठा डबा यंदा तरी रिकामा करून देता का?" मी म्हटलं, "अगं, त्यातला माल नासणारा नाही आणि त्याला गिऱ्हाईकही नाही. राहू दे." इंदिरानगरच्या फ्लॅटमधलं आमचं स्वयंपाकघर ते केवढं, आणि त्यात हा पितळी झाकणाचा ढब्बू डबा फळी अडवून बसलेला. तिचं म्हणणं चूक नाही. पण डबा मी देणार नाही, आणि का देणार नाही ते एकदा लिहूनच टाकते.

मी बारा वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि पुढची पंधरा वर्षं इंग्रजी शब्द निवडले. हे दुसरं काम नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. माझे धाकटे दीर दर लग्नकार्यात सगळ्यांसमोर विचारायचे, "वहिनी, शब्द तर डिक्शनरीत असतातच की! ते काय निवडायचे? तांदूळ आहेत का?" मी म्हणायची, "हो भाऊजी, तांदूळच. खडे काढायला बसते मी." पंगत हसायची. पण मी काही थट्टा केलेली नसायची, कामाचं स्वरूप अगदी तेच होतं.

नव्वदच्या सुमाराला नाशकात एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत अण्णा नावाच्या गृहस्थांनी शैक्षणिक साहित्य बनवायला घेतलं. तक्ते, कार्डं, गोष्टींच्या पट्ट्या. अण्णा मूळचे छापखान्यातलेच, इंग्रजीशी त्यांचा संबंध छपाईचे खिळे जुळवण्यापुरता. पण त्यांना एक गोष्ट नेमकी उमगली होती. मराठी शाळेतल्या मुलाच्या पदरात वर्षभरात इंग्रजीचे मूठभर शब्द पडतात. मूठभरच पडणार असतील तर ते कुठले, हे कुणीतरी बसून ठरवायला पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे मी. चित्रं काढायला शिरसाठ. अबोल माणूस, हात मात्र सोन्याचा.

शब्द पास कसा व्हायचा ते सांगते. मी आधी विचारायची, ही वस्तू मास्तरांना मुलाच्या हातात देता येईल का? नाहीतर ती गोष्ट वर्गात करून दाखवता येईल का? तेही नसेल तर शिरसाठांकडे जायचं, चित्र निघतंय का बघायला. आणि चित्र निघालं तरी कार्ड घेऊन एखाद्या शाळेत जाऊन पोरांपुढे धरायचंच. तिथे भल्याभल्या शब्दांची भंबेरी उडायची. नापास झाला की त्याचं कार्ड या डब्यात, सोबत एक चिठ्ठी. वर शब्द, खाली निकाल, त्याखाली कारण आणि सही. कारण लिहिल्याशिवाय कुणालाही नापास करायचं नाही हा माझा नियम होता. शाळेत शिकवताना निकालावर कारण लिहायची मुभा नव्हती, म्हणून इथे हौस भागवून घेतली म्हणा.

'बिग' हा शब्द आठवतो. शिरसाठांनी झोकात हत्ती काढला. कार्ड धरलं, पोरं ओरडली, "हत्ती!" बरोबरच आहे, हत्तीच होता. मग त्यांनी मोठा हत्ती आणि शेजारी लहान हत्ती काढला. पोरं म्हणाली, "आई आणि पिल्लू!" मग हंडा आणि लोटा काढला. "हंडा आणि लोटा!" शिरसाठांनी ब्रश खाली ठेवला आणि चहाला गेले ते दोन तासांनी आले. शेवटी दोन सारखेच चेंडू, एक मोठा, एक छोटा, तेव्हा कुठे 'बिग' पास झाला. दोन अक्षरी शब्दासाठी आम्ही पावसाळाभर झिजलो होतो, पण हे सांगायचं कुणाला!

चांदवडकडच्या एका शाळेत मी 'अनियन'चं कार्ड मोठ्या ऐटीत नेलं होतं. चहूकडे कांद्याच्या चाळी, मुलांना शब्द आवडणारच. पोरं ढिम्म. एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, चांगल्या कांद्याला आमच्यात एक्स्पोर्ट म्हणतात. बारकी गोल्टी वेगळी काढायची आन् एक्स्पोर्ट वेगळा." मी हसले. तिथले सोनवणे सरही हसले. परत आल्यावर ऑफिसात मी हा किस्सा रंगवून सांगितला, आणि 'एक्स्पोर्ट' डब्यात टाकला. कारण लिहिलं, 'मुलं चुकीच्या अर्थाने वापरतात.' खाली झोकदार सही. आज ती चिठ्ठी वाचली की माझी मलाच लाज वाटते. ती पोरगी मला काय सांगत होती ते ऐकायला माझे कान तेव्हा रिकामे नव्हते.

दोन हजार सालच्या आसपास पहिलीपासून इंग्रजी आलं आणि आमच्या दोन खोल्यांचं नशीब पालटलं. इतके दिवस अण्णा शाळांच्या पायऱ्या झिजवायचे, आता शाळा आमच्या जिन्यात. शहरातल्या एका खासगी शाळेचे चालक आले. आमचा पहिलीचा संच चाळून म्हणाले, "मॅडम, लीफ? स्टोन? पालक विचारतील, पानं आणि दगड शिकवायची फी घेता का? जरा वजनदार शब्द टाका. हिप्पोपोटॅमस वगैरे." मी म्हटलं, "टाकते. पण आधी तुम्ही तो एकदा फळ्यावर लिहून दाखवा." अण्णांनी मला टेबलाखालून पाय मारला. गृहस्थ हसत हसत गेले ते परत आले नाहीत.

पण त्या संचाचा मला खरंच अभिमान होता. लीफ, स्टोन, वॉटर, हँड, ट्री, हेन. एकही वस्तू विकत आणावी लागणार नाही, कुठल्याही पाड्यावर मिळेल, मुलाच्या हातात देता येईल. उन्हाळ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी हेच मिरवत होते. शेवटच्या बाकावर एक उंच, वाळलेले गुरुजी बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. सगळे जेवायला उठल्यावर जवळ आले.

"बाई, मी भोये. हरसूलकडं पाड्यावर शाळा हाय माझी. एक विचारू?"

"विचारा ना गुरुजी."

"ज्याला इंग्रजीच येत नाय, त्यानं हा संच कसा वापरायचा?"

मी म्हटलं, "सोपा आहे हो. मागे मराठीत सगळं लिहिलंय."

त्यांनी एक कार्ड उलटून पाहिलं. म्हणाले, "तीस वर्षं झाली शिकवतोय. पोरांना येत नाय ते आपल्याला येतं, एवढ्यावर मास्तरकी चालते. आता पोरांना येत नाय आन् मलाबी येत नाय. मग काय एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचं?" आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी तो मला न देता नुसता दाखवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. "गावाचे सगळे अर्ज मीच लिहितो. रेशनचे, जमिनीचे, दाखल्याचे. हा एक माझा लिहून ठेवलाय. जूनला देणार होतो. म्हटलं, तुमचा संच एकदा वर्गात बघू, मग ठरवू."

चहाच्या वेळी मी इतर शिक्षकांकडे चौकशी केली तेव्हा कळलं, की भोये गुरुजी सकाळी सायकलची घंटी वाजवत पाड्यापाड्यावरून फिरतात आणि पोरं गोळा करून शाळेत आणतात. एकजण म्हणाला, "ते गेले तर त्या शाळेवर दुसरा माणूस लवकर यायचा नाय बाई. आन् आला तरी घंटी कोण वाजवणार?" म्हणजे माझ्या पानादगडांवर आता एक शाळा टांगली होती. मी जुलैत यायचं कबूल केलं.

त्र्यंबकच्या पुढे वळणावळणाचा रस्ता, मग हरसूल, मग गुरुजींबरोबर पायी. शाळा म्हणजे एक लांबट खोली आणि पुढे पडवी. पहिली-दुसरीची पोरं ताठ बसलेली, पाहुणी बाई आली म्हणून तोंडं धुऊन, डोक्याला तेल चोपडून. मी मागे खुर्चीवर बसले. गुरुजींनी सागाचं पान सकाळीच आणून ठेवलं होतं. ते उचललं, म्हणाले, "लीफ." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली. पोरं म्हणाली, "लीफ!"

"स्टोन." पुन्हा माझ्याकडे. मी पुन्हा मान डोलावली.

"वॉटर." पुन्हा. उच्चार ठीक होता, वस्तू हातात होती, माझ्या सगळ्या परीक्षांत शब्द पास होत होते. पण ज्या माणसाच्या घंटीवर चार पाडे उठतात, तो माणूस सहा-सहा वर्षांच्या पोरांसमोर, दर शब्दाला, हातावर छडी पडेल की काय अशा नजरेनं माझ्याकडे बघत होता. हळूहळू पोरंही गुरुजींऐवजी मागे वळून मलाच बघायला लागली. पाचवा की सहावा शब्द असेल, गुरुजी अडकले. कार्ड हातात, कपाळाला घाम. पहिल्या रांगेत कमळी नावाची चिमुरडी होती, गुरुजींची लाडकी. ती उठली आणि त्यांच्या शर्टाचं टोक ओढून म्हणाली, "गुरुजी, भिऊ नका. ती बाई नाय मारायची."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पोरांना खेळायला सोडलं आणि कार्डांचा गठ्ठा नीट जुळवून, दोरी बांधून माझ्या हातात दिला.

मला एस.टी.वर सोडायला मात्र आले. सायकल हातात धरून चालत, मध्ये एवढं अंतर ठेवून. हरसूलला बाजाराचा दिवस होता आणि गाडीला बराच वेळ. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना माझ्या डब्याची गोष्ट सांगितली, नापास शब्दांची, चिठ्ठ्यांची, कारणांची. ते ऐकून प्रथमच हसले. "मास्तर नापास झाला तर त्यालाबी टाकता का डब्यात?"

बाजारात त्यांना थोडी खरेदी करायची होती. एका पालापुढे थांबून ते दुकानदाराला म्हणाले, "दोन सेल दे टॉर्चचे. जुने नको. आन् स्टोव्हची पिन हाय का? सायकलची ट्यूब पण बघतो, पंक्चर काढून काढून चाळण झाली. बटनं दे चार. ब्लेड?" मी शेजारी खट्टू होऊन उभी होते. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख झालं! मी पिशवीतून कोऱ्या चिठ्ठ्यांची वही काढली आणि लिहायला लागले. टॉर्च, सेल, स्टोव्ह, पिन, सायकल, ट्यूब, पंक्चर, बटन, ब्लेड. पुढच्या पालावर गेले तिथे ग्लास, प्लेट, पाण्याचा मग. चहा प्यायलो तिथे कप, स्टूल, रेडिओ. गाडी येईपर्यंत माझ्या वहीची पाच-सहा पानं भरली.

"काय लिहिताय बाई, हिशेब?"

"तुमचं इंग्रजी लिहितेय." मी वही त्यांच्या हातात दिली. "हे सगळे शब्द गेल्या तासाभरात तुम्ही बोललात. एकदाही माझ्याकडे न बघता."

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हे तर आपलेच शब्द."

"आपलेच झालेत. पण आले तिकडूनच."

"म्हणजे मी आपला जन्मभर इंग्रजी बोलतोय म्हणा की!" ते मोठ्यानं हसले, पालवाला बघायला लागला. मग हसू ओसरलं आणि ते वहीकडे बघत राहिले. "कुणी सांगितलंच नाय हो कधी," म्हणाले. गाडीत बसले तेव्हा खिडकीशी येऊन त्यांनी खिशावर हात ठेवला. "अर्ज दिवाळीपर्यंत खिशातच राहू द्या. हे शब्द तेवढे छापून पाठवा."

परतीच्या प्रवासात मी कधी नव्हे ती गुणगुणत होते. संच कसा असावा ते स्पष्ट दिसत होतं. पहिले दोन महिने एकही नवा शब्द नाही. मास्तरांच्या आणि मुलांच्या तोंडात आहेत तेच शब्द घ्यायचे, हे तुम्हाला येतंच आहे असं सांगायचं, आणि मग त्यांचं बोट धरून पुढचे शब्द आणायचे. 'एक्स्पोर्ट' म्हणणारी ती चांदवडची पोरगी आठवली आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

ऑफिसात महाभारत झालं. आमचे एक सल्लागार होते, निवृत्त प्राध्यापक, विद्वान माणूस. ते म्हणाले, "बाई, हे शब्द मराठी झाले. यांना इंग्रजी म्हणून शिकवायचं म्हणजे घरच्याच म्हशीला पाहुणी म्हणून ओवाळायचं." मी म्हटलं, "ओवाळू या की! घरची आहे म्हणून तिला कुणी ओवाळायचं नाही का?" दोन बैठका मी भांडले. अण्णा बिचारे इकडे आड तिकडे विहीर असे बसून होते. शेवटी सल्लागारांनी मान्य केलं, पण एका अटीवर. खेड्यातले शिक्षक हे शब्द मराठी वळणानं बोलणार, तेव्हा सोबत कॅसेट द्यायची. शुद्ध इंग्रजी उच्चारात, प्रत्येक शब्द तीनदा.

इथे मी भांडले नाही. खरं सांगायचं तर मला ती कल्पना आवडली. आपला संच कसा परिपूर्ण होणार, त्यात काही म्हणून उणं राहणार नाही! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली गोड गळ्याची मुलगी शोधली, स्टुडिओत तिच्याजवळ बसून एकेक शब्द तीन-तीनदा म्हणून घेतला. हे मला कुणी करायला लावलं नव्हतं, मी हौसेनं केलं. गणपतीच्या सुमारास संच तयार झाला. पहिला मी भोये गुरुजींना पाठवला.

कॅसेट तुफान चालली. अण्णांनी पुन्हा काढली, पुन्हा संपली. कौतुकाची पत्रं यायला लागली. चांदवडच्या सोनवणे सरांचं पत्र अण्णांनी टाचणीनं भिंतीवर लावलं. त्यात लिहिलं होतं, 'कॅसेटमुळे फारच सोय झाली. आता वर्गात आम्हाला इंग्रजी बोलावेच लागत नाही.' अण्णा खूश. मीही खूश. रोज ते वाक्य डोळ्यांसमोर होतं आणि मला ते कौतुकच वाटत होतं!

भोये गुरुजींचं मात्र पत्र नाही. मी दोन पोस्टकार्डं टाकली, उत्तर नाही. दसरा उलटला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. अर्ज दिला असेल तर? तिथे नुसतं कुलूप असेल तर? दिवाळीच्या सुट्टीला आठवडा उरला असताना मी कुणाला न सांगता रजा टाकली आणि हरसूलची गाडी धरली.

पाड्याची वाट चढताना शाळेचा आवाज आला तेव्हा मी एका दगडावर बसून श्वास घेतला. पडवीत गेले, तर आत दुकान मांडलेलं. जमिनीवर पोतं अंथरलेलं, त्यावर टॉर्च, स्टोव्हची पिन, सायकलची घंटी, फाटक्या ट्यूबचा तुकडा, बटनं, एक चेपलेला मग. कमळी दुकानदारीण. गिऱ्हाइकं रांगेत. ज्याला जे पाहिजे त्यानं त्याचं नाव घ्यायचं, नाव बरोबर आलं तर वस्तू हातात. टॉर्च मागणाऱ्याला तो पेटवून छतावर एकदा उजेड पाडायला मिळे, म्हणून टॉर्चला सगळ्यात मोठी रांग. गुरुजी मध्ये उभे होते. मी दारात आलेली त्यांना दिसले होते, त्यांनी मानेनंच 'या' म्हटलं, आणि पुन्हा वर्गाकडे वळले.

मग त्यांनी टाळी वाजवली. "आता दुकानात नवा माल आलाय." पोत्यावर त्यांनी सागाचं पान ठेवलं. तेच पान. गुरुजी खणखणीत म्हणाले, "लीफ!"

पोरं म्हणाली, "लीफ!"

"स्टोन!" त्यांनी दगड ठेवला. "वॉटर!" लोटा ठेवला. एकामागून एक, हसत, हातवारे करत. मी दारातच उभी होते आणि सवयीनं मान डोलावायला तयार होते. पण त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पोरांपैकीही कुणी मागे वळलं नाही. पंधरा वर्षांत मी शेकडो शब्द पास केले असतील, पण पास झाल्यासारखं मला स्वतःला वाटलं ते त्या दिवशी. जरासं परकंही वाटलं, ते का लपवू?

सुट्टी झाल्यावर मी विचारलं, "आणि कॅसेट?"

गुरुजी संकोचले. "लावली होती दोनदा. बाई, राग मानू नका. इथं लाईट नाय. टेप सेलवर चालतो. मग टॉर्चचे सेल काढले आन् टेपात घातले. टेपातली बाई म्हणाली, 'टॉर्च, टॉर्च, टॉर्च.' लय गोड बोलते. पोरांनी टॉर्च उचलला, तर तो पेटेना. सेल तर टेपात! पोरं म्हणाली, गुरुजी, बाईचा टॉर्च खोटा हाय, आपला लावा." त्यांनी पोत्यावरचा टॉर्च उचलून फळीवर ठेवला. "आन् ती बोलायला लागली की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. हे शब्द माझे वाटायला लागले होते बघा. तिनं म्हटले की पुन्हा तिचेच व्हायचे."

भिंतीवर टाचलेलं सोनवणे सरांचं पत्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. 'आता बोलावेच लागत नाही.' गावोगाव किती वर्गांत ती गोड मुलगी बोलत असेल आणि शेजारी मास्तर तोंड मिटून बसले असतील! त्यांना बाजारात नेऊन वही दाखवायला कुणी गेलं नव्हतं. आणि हे सगळं मी केलं होतं, हौसेनं, स्टुडिओत शेजारी बसून. परत गेल्यावर मी कॅसेट बंद करायला सांगितली. अण्णा म्हणाले, "बाई, चालत्या गाडीला खीळ कशाला?" बंद झाली नाही. संचाबरोबरच्या शिक्षकांच्या पत्रकात मी एक ओळ घालू शकले, 'आधी स्वतःला येणारे शब्द लिहून काढा, ते स्वतः म्हणा.' ती किती जणांनी वाचली असेल कोण जाणे. याची बोच मला अजून आहे.

निघताना गुरुजींनी कॅसेट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "डब्यात टाका. कारण लिहिल्याशिवाय टाकायचं नाय म्हणालात ना? लिहिलंय आत." अर्जाचं विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण कमळी बोट धरून वाटेपर्यंत सोडायला आली आणि राहून गेलं. पुढे ते वय होईपर्यंत त्याच शाळेवर राहिले, घंटी वाजवत. पण ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. कॅसेटवरचा कागद सोडला. गावाचे अर्ज लिहिणारं ते अक्षर, मोत्याच्या दाण्यासारखं, आणि बरोब्बर माझ्या चिठ्ठीचा नमुना:

'शब्द: कॅसेट. निकाल: नापास. कारण: टॉर्चचे सेल टेपात घालावे लागतात, मग टॉर्च पेटत नाही. सही, भोये गुरुजी.'

मला हसू आलं आणि डोळेही भरले. घडी घालायला म्हणून कागद उलटा केला. मागेही त्याच अक्षरात लिहिलेलं होतं, जुन्या घडीवर शाई थोडी पुसली होती: 'तरी मला स्वेच्छेने सेवानिवृत्ती मिळावी, ही नम्र विनंती.'